परमुलखात मन थाऱ्यावर कसं ठेवायचं

"जेवला का रे?"
"हाव माय, जेवलो."

नऊ वर्षं रोज हेच बोलणं. घरात टॉवर पकडत नव्हता म्हणून माय अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी राहायची. मी दुबईच्या सोनापूरमधल्या कामगारांच्या कॅम्पात, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसलेलो असायचो. निम्म्या वेळा जेवलेलोच नसायचो. भात शिजलेला असायचा, पण हात चालत नव्हता. याला काही नाव असतं, यावर काही करता येतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी इलेक्ट्रिशियन, गाव दारव्ह्याकडचं. आयटीआय करून 2011 साली गेलो आणि 2020 साली, कोरोनात, सरकारच्या वंदे भारत मोहिमेच्या विमानाने परत आलो. आता गावात पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून देतो, आणि बाहेर जाणारी पोरं कागद दाखवायला माझ्याकडे येतात. आधी सगळे आखातातच जायचे. आता नर्सिंग केलेल्या पोरी जर्मनीचं विचारतात, एखादा इंजिनिअर अमेरिकेचं. पगार, व्हिसा, खोली, तिकीट, सगळ्याची चौकशी होते. मनाचं कोणी विचारत नाही, आणि मीही समोरासमोर नीट सांगू शकत नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे. आखाताचं स्वतः भोगलेलं आहे. बाकी देशांचं, तिकडे गेलेल्या आमच्याच पोरापोरींशी बोलून आणि त्यांची घरं इथे बघून कळलेलं आहे.

निघायच्या आधी: कर्ज, कागद, गोळ्या

परदेशात माणूस आठवणीने खचतो असं आपण समजतो. माझ्या खोलीत आठ जण होते. त्यातले जे सगळ्यात जास्त खचले, ते कर्जाने. एजंटला द्यायला सावकाराकडून पैसे उचललेले, आणि पहिल्या पगाराआधीच व्याज सुरू झालेलं. असा माणूस आजारी पडला तरी रजा घेत नाही, मुकादमाने आईवरून शिवी दिली तरी गिळतो, आणि रात्री मोबाइलवर व्याजाचा हिशोब करत जागतो. म्हणून मनाची काळजी गावातच, हिशोबाच्या वहीपासून सुरू करा.

नोंदणी असलेल्या भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. कोणी लाख-दीड लाख मागत असेल तर तिथेच उठा. एजंटची नोंदणी खरी आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर, म्हणजे आधी परवानगी लागेल अशी नोंद, असते. त्यांना आखातासह 18 देशांत नोकरीला जाताना याच पोर्टलवरून परवानगी घ्यावी लागते. त्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाखांचा अपघात विमा निघतो. हप्ता दोन वर्षांना 275 आणि तीन वर्षांना 375 रुपये, वर कर. एवढ्या पैशात आपल्याकडे दोन माणसांचं धड जेवण होत नाही. पर्यटक व्हिसावर "तिकडे गेल्यावर बदलून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. कागद कच्चा असला की रस्त्यात पोलीस दिसला तरी पोटात गोळा येतो, आणि तो गोळा मग दोन वर्षं तिथेच राहतो.

करार, पासपोर्ट, व्हिसा यांच्या झेरॉक्स घरी ठेवा आणि फोटो काढून दोघांना पाठवा. मालकाने पासपोर्ट स्वतःजवळ ठेवून घेणं अमिरातीच्या, म्हणजे दुबई ज्या देशात आहे त्याच्या, कायद्यात बसत नाही. हे माहीत असूनही मी पहिली दोन वर्षं मागितला नाही. झेरॉक्स जवळ होती, एवढाच आधार.

झोपेच्या, फेफऱ्याच्या किंवा मनाच्या गोळ्या चालू असतील तर लाजून त्या इथेच सोडून जाऊ नका. पण नुसत्या पिशवीत टाकूनही नेऊ नका. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडोल, कोडीन असलेली खोकल्याची औषधं यांच्यावर अमिरातीत कडक नियंत्रण आहे. आधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी काढा, सोबत डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन ठेवा. आपल्या डॉक्टरला स्पष्ट सांगा, "अमुक देशात चाललो आहे, तिथे चालेल असं लिहून द्या."

आणि खसखस नेऊ नका. हसण्यासारखं वाटतं, पण आपले अनारसे खसखशीवर थापलेले असतात आणि सावजी मसाल्यातही ती असते. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते. मायनं प्रेमाने बांधून दिलेल्या डब्यापायी विमानतळावर बाजूला उभं राहायची पाळी येऊ नये. त्यापेक्षा जवसाची चटणी न्या, सांडगे न्या, एक जुनी वाकळ न्या. वाकळीला घरच्या पेटीचा वास असतो. पहिल्या आठवड्यात तो फार कामाला येतो.

पहिले चाळीस दिवस

पहिला आठवडा बरा जातो. उंच इमारती, विमान, नवीन बूट, फोटो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मन बसतं. काम समजलेलं असतं, नवल संपलेलं असतं आणि करारातले उरलेले महिने समोर दिसायला लागतात. या दिवसांत "आपलं चुकलं, परत जावं" असं जवळपास प्रत्येकाला वाटतं. चाळीस दिवस होईपर्यंत राहायचं की परतायचं याचा निर्णय घेऊ नका. याला अपवाद आहे. मारहाण होत असेल, करारापेक्षा वेगळंच काम देत असतील, कोंडून ठेवत असतील, तर एक दिवसही थांबायचं नाही.

या काळात करायचं काम एकच: शरीर वेळेवर आणा. झोप गेली की मन जातं. एका खोलीत आठ माणसं, तीन पाळ्या, कोणी दोन वाजता येतो, कोणी चारला उठतो. पलंगाला पडदा लावा. जुनी साडी चालते, दोरी आणि चार चाप पुरतात. कानात घालायचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात. मोबाइल उशाशी न ठेवता पायथ्याशी चार्जिंगला लावा. मी हे तिसऱ्या वर्षी केलं, पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं.

ऊन आपल्याला नवीन नाही, असं म्हणत आपली पोरं तिथल्या उन्हात फसतात. यवतमाळचा मे महिना 45 डिग्रीचा असला तरी कोरडा. दुबईचा ऑगस्ट दमट, घाम वाळतच नाही, अंग आतून शिजतं. पाणी आणि मीठ कमी पडलं की डोकं जड होतं, चिडचिड होते, रडू येतं, आणि माणसाला वाटतं की घरची आठवण येते आहे. अशा वेळी आधी पाणी-मीठ-साखर प्या, सावलीत बसा, मग बघा काय उरतं. अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला बंदी आहे. तेवढे अडीच तास मोबाइल न बघता पडून राहा. त्यावर संध्याकाळ तगते.

जर्मनीला गेलेल्यांचं उलटं. आपल्या माणसाला उन्हाचा त्रास माहीत असतो, अंधाराचा नाही. उत्तर जर्मनीत डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात-आठ तासांचा. सकाळी अंधारात कामावर, संध्याकाळी अंधारात परत. आमच्याकडची एक नर्स पोरगी पहिल्या हिवाळ्यात सांगत होती, "दादा, काही झालं नाही, तरी उठावंसं वाटत नाही." हे आळसाचं लक्षण नाही. उजेड कमी झाला की बऱ्याच माणसांना असं होतं. दिवसाची सुट्टी मिळाली की उजेड असतानाच अर्धा-पाऊण तास बाहेर चालायचं, ढग असले तरी. डॉक्टरला सांगून ड जीवनसत्त्व तपासून घ्यायचं. आणि हिवाळा लागायच्या आधीच, ऑक्टोबरातच, घरच्यांना सांगून ठेवायचं की येते चार महिने माझा आवाज थोडा पडलेला असेल.

वाईट तास ओळखा

दिवसभर कोणी दुःखी नसतो. प्रत्येकाचा एक तास असतो. माझा शुक्रवारी दुपारचा. तेव्हा शुक्रवारी सुट्टी असायची. कपडे धुऊन झालेले, खोलीतले सगळे झोपलेले, आणि मी छताकडे बघत. कोणाचा रात्री दिवा मालवल्यावरचा असतो, कोणाचा घरचा फोन ठेवल्यावरच्या दहा मिनिटांचा. दोन आठवडे कॅलेंडरवर खूण करा: कधी बुडल्यासारखं झालं, किती वाजता, आधी काय चाललं होतं. तास सापडला की त्या तासाला हाताला काम द्या. मनाला समजावत बसू नका. मन ऐकत नाही, हात ऐकतात.

योग-ध्यान चांगलंच आहे. पण बारा तास शिडीवर उभा राहिलेला माणूस डोळे मिटून बसला की झोपतो, हा माझा अनुभव. मला भाकरीने सावरलं.

ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानांत मिळतं. पण पाकीट जुनं असतं, पिठाला विरी नसते, भाकर थापताना काठ फाटत जातात. पहिल्या शुक्रवारी माझ्या पाचही भाकरी तव्यावर तुटल्या. मी फोनवर मायला विचारलं तर ती म्हणाली, "उकड काढ ना लेका." मग कळलं. भाकरीला लागेल तेवढं पाणी चिमूटभर मीठ घालून उकळायचं, गॅस बंद करून त्यात पीठ टाकायचं, उलथन्याच्या दांड्याने हलवायचं आणि दहा मिनिटं झाकून ठेवायचं. मग हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळव्याने रगडून मळायचं. घाई केली की फसलं. गोळा गुळगुळीत झाला, बोटाने दाबल्यावर भेग पडली नाही, की थापायला घ्यायचा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या बेतात आलं की उलटायची. दुसरी बाजू पूर्ण भाजू द्यायची आणि मग पहिली बाजू आचेवर धरायची. फुगली तर फुगली.

यात पाऊण तास जातो. त्या पाऊण तासात दुसरं काही मनात येत नाही, कारण लक्ष हललं की भाकर जळते. आणि वास सुटला की माणसं उठून येतात. आमच्या खोलीतला मलयाळी मुरुगन बघायला आला तसा मिरच्या ठेचायला बसला. तेव्हापासून शुक्रवारची दुपार आमची भाकर-ठेच्याची झाली.

तुमचं काम भाकरीचंच असलं पाहिजे असं नाही. कोणी केस कापून देतो, कोणी क्रिकेट, कोणी कपड्यांना इस्त्री. आमच्या गावात संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना होते, तुकडोजी महाराजांनी लावून दिलेली. गावात सात वाजता सुरू व्हायची तेव्हा दुबईत साडेपाच, मी साइटवरून परतणाऱ्या बसमध्ये. डोळे मिटून मनातल्या मनात म्हणायचो. देवाचं किती पोचलं ते देव जाणे, पण आत्ता गावात चटई अंथरली असेल, अमका काका खंजिरी घेऊन बसला असेल, हे डोळ्यासमोर यायचं आणि बसमधला तो तास कापला जायचा. शेगावचे भक्त गुरुवार तसाच पाळतात.

सणाचा दिवस मात्र वेगळा धरा, तो दिवसभर वाईट असतो. पोळ्याला गावातून बैलांचे व्हिडिओ येतात, झडत्या ऐकू येतात, आणि आपण सिमेंटच्या धुळीत. एका वर्षी मी कणकेचे दोन बैल केले, काडेपेटीच्या काड्यांची शिंगं लावली, कुंकू नव्हतं म्हणून हळद लावली आणि खोलीतल्या नेपाळी पोराला त्यांची गोष्ट सांगितली. त्याने त्यांना बिस्किट चारलं. सण जवळ आला की आठ दिवस आधी ठरवा, त्या दिवशी काय करायचं आणि कोणासोबत.

फोन

या लेखातलं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच.

2015 च्या उन्हाळ्यात बाबा विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. कंबरेचं हाड मोडलं. घरच्यांनी ठरवलं, पोराला कळवायचं नाही, तो तिकडे काळजी करेल. तीन आठवडे रोज फोनवर "बाबा शेतात गेले". मग एका रात्री चुलतभावाच्या फेसबुकवर बाबांचा वॉकर धरलेला फोटो दिसला. तेव्हाच आमच्या कंपनीने चार महिने पगार दिला नव्हता, आणि मी रोज घरी सांगत होतो, "पगार झाला, या महिन्यात जरा उशिरा पाठवतो." म्हणजे कडुनिंबाखाली एक जण खोटं बोलत होता आणि जिन्यात दुसरा. त्या रात्री मी कोणाशी भांडलो नाही. पण नंतर कित्येक महिने घरचं कुठलंच वाक्य खरं वाटेना. "बरं हाय" म्हटलं की छातीत धडधडायचं.

नंतर आम्ही काही गोष्टी ठरवून घेतल्या. तुम्ही निघायच्या आधी ठरवा.

घरातला एक माणूस सांगणारा नेमा. शक्यतो भाऊ, बहीण किंवा बायको. आजारपण, मयत, पीक बुडालं, कर्ज, काहीही झालं तर त्याने चोवीस तासांच्या आत कळवायचं. पहिल्या वाक्यात काय झालं, दुसऱ्यात आता कशी स्थिती आहे, तिसऱ्यात तुझ्याकडून काय हवं. "तू टेन्शन घेऊ नको" या वाक्याने कधी सुरुवात करायची नाही. ते ऐकूनच अर्धा जीव जातो. आणि ही बातमी कामाच्या वेळी द्यायची नाही. माणूस शिडीवर किंवा क्रेनखाली असतो.

इकडून तिकडे तोच नियम. पगार थांबला, हात कापला, तर सांगणाऱ्या माणसाला सांगा. मायबापाला कधी आणि किती सांगायचं ते तो ठरवेल.

आठवड्यातला एक फोन बिनपैशाचा ठेवा. त्या फोनवर पैशाचं नाव काढायचं नाही. आमचा रविवारचा होता. पहिल्या रविवारी दोघांना बोलायला काही सापडेना, एवढी सवय लागली होती. मग माय गाईबद्दल बोलायला लागली.

स्पीकरवर फोन असला की आधी विचारा, "कोण कोण बसलं आहे?" ओसरीवर चार माणसं बसलेली असताना खरं कोणी सांगत नाही.

अमिरातीत व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही, बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप घ्यावं लागतं. ते आधीच घरच्यांच्या मोबाइलवर टाकून, एकदा लावून दाखवून जा. वेळेचा हिशोब भिंतीवर लिहून ठेवा: दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, सौदी आणि कतार अडीच, जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार, न्यू यॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा तास. नाहीतर माय पहाटे दोनला फोन करते आणि तुम्ही घाबरून उठता.

घरच्यांसाठी एकच गोष्ट, ती त्यांना वाचून दाखवा. "जेवला का?" विचारू नका. "काय जेवला?" विचारा. पहिल्याचं उत्तर "हाव" येतं. दुसऱ्याला थांबून सांगावं लागतं, आणि तीन दिवस लागोपाठ "चहा-बिस्किट" आलं की तुम्हाला कळतं. तसंच "बरं आहे ना?" ऐवजी "आज कोणाशी बोलला?" म्हणा.

पैसा आणि नाही म्हणणं

पोरगा दुबईला म्हटलं की गावात त्याच्या नावाचा एक अदृश्य वाडा उभा राहतो. चुलत्याच्या पोरीचं लग्न, मंदिराचा कळस, ट्रॅक्टरचा हप्ता, सगळं त्याच्या खिशातून निघेल असं धरलं जातं. नाही म्हटलं तर "बदलला लेकाचा." हो म्हटलं तर दुसऱ्या महिन्यात उसने घ्यायची पाळी.

पगाराच्या दिवशीच वाटणी करा: कर्ज, घर, परतीची शिल्लक आणि स्वतःसाठी थोडं. मी महिन्याला शंभर दिरहम स्वतःसाठी ठेवायचो. त्यात फळं, केस कापणं, महिन्यातून एकदा समुद्रावर जायचं बसभाडं. आधी याचीही लाज वाटायची, माय कापूस वेचते आणि आपण समुद्र बघतो. मग माझ्या लक्षात आलं, समुद्र बघून आलेल्या आठवड्यात मी कमी भांडतो.

नाही म्हणायचं वाक्य पाठ करून ठेवा. "काका, या वर्षी जमत नाही, पुढचं पुढे बघू." यात कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो.

माणसं जोडणं

आपली भाषा बोलणारा एक माणूस लागतोच, आणि आपली भाषा न बोलणारे दोन-तीनही लागतात. महाराष्ट्र मंडळं सगळीकडे आहेत, गणपतीला दार उघडं असतं. पण खरं सांगायचं तर कॅम्पातल्या माणसाला तिथे जरा बुजल्यासारखं होतं. सगळे साहेब लोक, पोरं इंग्रजीत बोलणारी. मी पहिल्यांदा आरती झाल्यावर प्रसाद घेऊन निघून आलो. दुसऱ्या वर्षी मंडपाची लायटिंग करून दिली, तेव्हा नावाने हाक मारायला लागले. जिथे परकं वाटतं तिथे हातातली कला घेऊन जावं.

तिथल्या भाषेची वीस वाक्यं शिका. दुखतं आहे, थांबा, पुन्हा सांगा, मला हे समजलं नाही, माझा नंबर लिहून घ्या. भाषा येत नसेल तर मोठा माणूसही लहान पोरासारखा होतो, आणि ते फार खुपतं.

नवऱ्यामागे गेलेल्या बायकांचं दुखणं वेगळं. इथे बीएड करून शाळेत शिकवणारी पोरगी अमेरिकेत एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे मिळणाऱ्या व्हिसावर, गेली की तिला आपोआप नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही जणींना कामाची परवानगी मिळते, तीही नवऱ्याच्या ग्रीनकार्डचं प्रकरण पुढे सरकलेलं असेल तरच. दिवसभर बंद घर, गाडी येत नाही, पैसा नवऱ्याच्या हातात. अशा पोरीने पहिल्या तीन महिन्यांत तीन गोष्टी कराव्यात: एकटीने बस किंवा गाडीने बाहेर पडायला शिकावं, स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडावं, आणि सार्वजनिक वाचनालयात नाव घालावं. तिथे बऱ्याचदा फुकट इंग्रजी वर्ग असतात. आणि पासपोर्ट स्वतःच्या पेटीत ठेवावा. नवरा हात उगारत असेल तर "तिकडे एकटी काय करशील" असं म्हणणाऱ्या माहेरच्यांनी जरा थांबून विचार करावा. वकिलातीत तिला मदत मागता येते.

दारूबद्दल लांबण लावत नाही. सौदी-कुवेतसारख्या ठिकाणी बंदी आहे म्हणून चोरून गाळलेली मिळते. त्यात मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीव जातो. झोप लागावी म्हणून रोज पीत असाल तर तो झोपेचा आजार समजून डॉक्टरकडे जा.

मदत कधी मागायची

दोन आठवडे हे माप धरा. जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटतं, कशात मन लागत नाही, झोप उडाली आहे किंवा नुसतीच झोप येते, भूक गेली आहे, कामात लक्ष नाही, आपण घरावर ओझं आहोत असं वाटतं, आणि हे दोन आठवडे टिकलं, तर डॉक्टर. आपल्या लोकांना "मन उदास आहे" म्हणता येत नाही. आपण म्हणतो अंग दुखते, डोकं जड, छातीत धडधड, पोटात जळजळ. मग गोळ्या मिळतात त्याच्यावरच्या. म्हणून डॉक्टरला हे वाक्य वेगळं सांगा: "झोप लागत नाही, भूक नाही, रडू येते, इतके दिवस झाले." लिहून नेलं तरी चालेल.

मरावंसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. सोबत्याच्या बोलण्यात असं काही आलं, कोणी अचानक आपल्या वस्तू वाटायला लागला, सगळ्यांची माफी मागायला लागला, तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटते का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट विचारणारा कोणी आहे हे त्याला कळतं. त्याला एकटं सोडू नका, आणि खोलीतल्या दुसऱ्यालाही जागं करा.

हे नंबर मोबाइलमध्ये भरून ठेवा. भारतात मनाच्या मदतीची सरकारी सेवा टेलिमानस, 14416 किंवा 1800-891-4416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. इथे राहिलेल्या माय, बायको, बापासाठी हा नंबर तेवढाच कामाचा आहे, कारण पोरगा गेल्यावर खचणारं माणूस बरेचदा घरात असतं. अमिरातीत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र, 800-46342. तिथे रुग्णवाहिका 998, पोलीस 999. मन मोकळं करायला अमेरिकेत 988. ब्रिटनमध्ये 116 123. जर्मनीत 0800-1110111, आणि जीवाला धोका असेल तर युरोपभर 112. पगार अडकला, मालकाने अडवलं, तर भारतातून प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800-11-3090, आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार. वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, अडकलेल्या माणसाला तात्पुरता निवारा किंवा तिकीट त्यातून मिळू शकतं. आमचा चार महिन्यांचा पगार वकिलातीत सगळ्यांनी मिळून अर्ज दिल्यावर हलला. त्याआधीचे तीन महिने आम्ही नुसतं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

परत येताना

रजेवर आलं की पहिले चार दिवस देवासारखे जातात. पाचव्या दिवशी करमत नाही. पोरगं ओळखत नाही, बायकोने आपल्याशिवाय घराची घडी बसवलेली असते, मित्र आपापल्या धंद्याला. चिडू नका. त्या घडीत हळू शिरा. आल्या-आल्या कोणाला शिस्त लावायला जाऊ नका. पोराला रोज एकाच वेळी शाळेत सोडायला जा, बस. माझ्या पोरीने आठव्या दिवशी बोट धरलं.

कायमचं परतताना सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून मगच या. आणि पहिले तीन महिने धंदा, जमीन, उसनवारी, कशालाच हात घालू नका. या काळात सगळे तुम्हाला योजना सांगायला येतात.

मला परत येऊन बरीच वर्षं झाली. अजून पहाटे चारला जाग येते, बसची वेळ. उठतो, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसतो. शेजारच्या पोराचा कतारहून रात्री फोन येतो, तेव्हा त्याची माय याच झाडाखाली उभी असते, टॉवर अजून इथेच चांगला पकडतो. परवा तिचा आवाज ऐकू आला, "काय जेवला?" मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती.